नवा ओव्हन, नवा हॉब: आधी भिंतीतली वायर बघा

किचनचा सुतार ओव्हन खाचेत सरकवतो, दोन स्क्रू मारतो आणि मोकळा होतो. पुढचं काम माझ्याकडे येतं. मी पुण्यात वायरमन आहे. अशा कामाला गेलो की आधी खोका उघडत नाही, डीबी, म्हणजे घरातली मेन स्विचची पेटी, उघडतो. तुम्ही तर खरेदीच्या आधीच उघडून बघा.

ओव्हनचं सोपं असतं. घरगुती बिल्ट-इन ओव्हन बहुधा 3 ते 3.5 किलोवॅटचा, म्हणजे 230 व्होल्टला 13 ते 15 अँपिअर. डीबीतून स्वतंत्र आलेली 4 चौरस एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि 16 अँपिअरचा पॉवर पॉइंट, एवढ्यावर भागतं. पॉइंट मात्र ओव्हनच्या पाठीमागे नको, शेजारच्या कपाटात घ्या. मागे गरम होतं, आणि प्लग काढायला दर वेळी ओव्हन बाहेर ओढावा लागतो.

हॉबचं, म्हणजे ओट्यात बसणाऱ्या शेगडीचं, तसं नाही. चार झोनचा, म्हणजे चार भांडी ठेवायच्या जागांचा, इंडक्शन हॉब 7.4 किलोवॅटपर्यंत जातो. सगळे झोन फुल केले की 32 अँपिअर. त्याला डीबीपासून 6 चौरस एमएमची वेगळी लाइन, 32 चा एमसीबी आणि ओट्याजवळ हात पोचेल असा 32 चा डीपी स्विच (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) लागतो. जुन्या ओव्हनच्या पॉइंटवरून हॉबला सप्लाय द्या म्हणणारे भेटतात. एमसीबी पडतोय म्हणून मोठा एमसीबी टाकून द्या म्हणणारेही भेटतात. तेव्हा एमसीबी पडत नाही, वायर भाजते. वीजबिलावर ‘मंजूर भार’ लिहिलेला असतो, तोही बघा. हॉब एकटाच त्याच्या पुढे जात असेल तर आधी भारवाढीचा अर्ज करा. नाहीतर पॉवर लिमिटची सोय असलेला हॉब घ्या आणि लाइनला झेपेल तेवढ्यावर सेट करा. नवी लाइन ओढायची तर परवानाधारक माणूसच बोलवा.

आता बदलाबदली. मेन डाउन करा आणि इन्व्हर्टरही बंद करा. मेन गेलं की इन्व्हर्टर आपला सुरू होतो आणि त्याच्या लाइनी जिवंत राहतात, हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. निऑन टेस्टरवर विसंबू नका. मेन डाउन करण्याआधीच मल्टीमीटर चालू पॉइंटवर लावून चालतोय ना बघा, मग डाउन केल्यावर इथे लावा. जुनी जोडणी सोडवण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढा.

खरी गंमत रंगांची. आपल्या भिंतीत लाल, पिवळी, निळी म्हणजे फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. हॉब बहुधा युरोपच्या रंगांत येतो: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल. पाच वायरींची केबल असेल तर त्यातली काळी हा बहुधा दुसरा फेज असतो आणि राखाडी दुसरा न्यूट्रल! काळीला काळी जोडलीत तर हॉबचा फेज भिंतीतल्या न्यूट्रलला जातो. सिंगल फेजला तपकिरी-काळी एकत्र फेजला, निळी-राखाडी एकत्र न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थला. टर्मिनल बॉक्स असेल तर टर्मिनल एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या कुठे टाकायच्या त्याचं चित्र हॉबच्या खालीच चिकटवलेलं असतं. ओट्यात बसवण्याआधी त्याचाही फोटो घ्या. वायरीच्या टोकांना लग (धातूची टोपी) क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, स्क्रू कसून आवळा आणि प्रत्येक वायर ओढून बघा. मोठ्या लोडला ढिला स्क्रू म्हणजे टर्मिनल वितळणार.

मशीन जोडण्याआधी पॉइंटवर सप्लाय मोजा. हे जिवंत लाइनवरचं काम, सवय नसेल तर वायरमनकडूनच करून घ्या. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळपास सारखे यायला हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट. फेज-अर्थला काहीच दाखवत नसेल तर अर्थिंग नाही, काम तिथेच थांबवा. डीबीत 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच, असावा. टेस्टचं बटण दाबल्यावर तो पडलाच पाहिजे.

पहिल्यांदा ओव्हन रिकामाच तापवा, खिडकी उघडी ठेवून. थोडा वास येतो, तो जातो. पावसाळ्यात किंवा खोक्यात बरेच दिवस पडून राहिलेल्या ओव्हनच्या एलिमेंटमध्ये दमट हवा शिरते आणि आरसीसीबी पडू शकतो. म्हणून सुरुवात 100 अंशांवर अर्धा तास करा, मग वाढवा. तरी पडतच राहिला तर कंपनीचा माणूस बोलवून एलिमेंट मेगरवर (इन्सुलेशन तपासायच्या मीटरवर) तपासून घ्या. ‘आरसीसीबी बायपास करून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि परत पाठवा.