उष्णता देऊन बेंड काढताना या चुका टाळा

गॅसच्या ज्योतीने वाकलेला बीम किंवा अँगल सरळ करायला शिकणारे बहुतेक जण एका समजुतीने सुरुवात करतात: लोखंड लाल केलं की मऊ होतं, मग ठोकून सरळ करायचं. ते लोहारकाम झालं. इथे बाक काढतं ते थंड होणारं पोलाद. तापलेला भाग पसरू पाहतो, पण आजूबाजूचं थंड पोलाद त्याला पसरू देत नाही, म्हणून तो जागच्या जागी दबून जाड होतो. निवताना मात्र तो आक्रसतो आणि आधीपेक्षा आखूड होतो. त्या ओढीने बाक सुटतो.

चुकीची बाजू तापवणे

बाकाची फुगीर बाजू ताणून लांब झालेली असते, आखूड तिलाच करायचं असतं. खडूने व्ही (इंग्रजी V चा आकार) आखा: टोक आतल्या बाजूकडे, रुंद तोंड फुगीर कडेवर. टोकापासून ज्योत नागमोडी फिरवत तोंडाकडे या, तापवून झालेल्या भागावर परत जाऊ नका. आय-बीम उंचीच्या दिशेने वाकला असेल तर व्ही वेबवर (मधल्या उभ्या पत्र्यावर) येते, आणि तिच्या तोंडाशी फ्लँजवरही (कडेच्या आडव्या पत्र्यावरही) आडवा पट्टा तापवावा लागतो.

मध्येच घाबरणे

शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त काम इथे बिघडतं. ज्योत लावली की बाक आधी वाढतो, कारण फुगीर बाजू आणखी पसरते. ते बघून माणूस घाईने दुसरी बाजू तापवतो आणि केलेलं सगळं पुसलं जातं. थांबा. पूर्ण निवू द्या, दोरी ताणून माप घ्या, मगच ठरवा. एका व्हीने बाक थोडाच उतरतो, त्यामुळे पुढची व्ही जरा सरकवून आखा. त्याच जागी पुन्हा तापवायचं असेल तर ती आधी 120 अंश सेल्सिअसच्या खाली येऊ द्या.

रंगावर भरवसा ठेवणे

साध्या कार्बन स्टीलला 650 अंशांची मर्यादा पाळा, क्वेंच्ड-टेम्पर्ड स्टीलला (तापवून झटकन थंड करून, मग पुन्हा बेताने तापवून मजबूत केलेल्या पोलादाला) 600 च्या आतच ठेवा. साधारण 727 अंशांपासून पोलादाची अंतर्गत रचना बदलू लागते. 650 ला दिसणारा मंद लाल रंग उन्हात जवळजवळ दिसतच नाही, आणि तो ठळक दिसेपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. ठराविक तापमानाला वितळणारा टेम्परेचर क्रेयॉन वापरा. तो ज्योतीखाली न धरता ज्योत पुढे सरकल्यावर लगेच टेकवा.

जॅक आणि घण

जॅकचा दाब तापवण्याआधी, हलकाच द्या. गरम असताना पंप मारू नका: 600 अंशांना साध्या पोलादाची ताकद निम्म्यावर येते, आणि आखूड व्हायचा भाग उलट ताणला जातो, कधी तडकतो. याच कारणाने भार पेलत असलेला भाग आधार दिल्याशिवाय तापवू नये. साधारण 200 ते 370 अंशांत पोलाद ठिसूळ वागतं, तेव्हा घण दूर ठेवा.

पाणी ओतणे

वेळ वाचवायचा हा मोह महागात पडतो. 315 अंशांच्या वर पाणी नको, हवेतच निवू द्या. पोलादात कार्बन जास्त असेल तर अचानक थंड केल्याने ते कडक होऊन तडकू शकतं.

आधी न तपासणे

जस्ताचा मुलामा असेल तर तो घासून काढा, त्याचा धूर आजारी पाडतो. बंद पाइप किंवा टाकी तापवूच नका, आतला दाब स्फोट घडवतो. तीव्र घडी पडलेल्या जागी भेगा शोधायला डाय पेनेट्रंट चाचणी (रंगीत द्रव भेगेत झिरपवून ती दाखवणारी) करा. भेग सापडली तर ज्योत लावू नका, आधी ती दुरुस्त करावी लागते किंवा तो तुकडा कापून बदलावा लागतो.