८ जीबी रॅम, हाती फक्त ३.४५

बहिणीच्या कॉम्प्युटरला ४ जीबीची आणखी एक रॅम लावली. सिस्टिमच्या माहितीत दिसलं: ८ जीबी, त्यातली वापरण्याजोगी ३.४५. रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरानं पुसली, स्लॉट बदलले, फरक शून्य. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या सेटिंगमध्ये) मात्र पूर्ण ८ जीबी दिसत होती, म्हणजे रॅम ठणठणीत.

उत्तर खालच्याच ओळीत होतं: विंडोज १०, ३२-बिट. ३२ बिटांत मेमरीतल्या जागांचे ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते मावतात, एका पत्त्याला एक बाइट, म्हणजे ४ जीबी. त्यातलेही काही ग्राफिक्स कार्ड वगैरेंसाठी राखीव. प्रोसेसर ६४-बिटचा निघाला, म्हणजे ६४-बिट विंडोज चालणार, हे बरं झालं. पण ३२-बिटवरून थेट अपग्रेड होत नाही, विंडोज नव्यानंच टाकावं लागतं. म्हणून भाचीचे सगळे फोटो आधी पेनड्राइव्हवर घेतले, उघडून तपासले. लायसन्स जुनंच चाललं. आता ७.८८ जीबी मिळते.