शेवटची लघवीला कधी गेली होती?

ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा 45 च्या पुढं जातो, आणि नेमका तोच तेंदूपत्त्याचा हंगाम. बाया पहाटे अंधारातच जंगलात शिरतात, ऊन चढलं की पानं घेऊन परततात आणि ओसरीत बसून 70-70 पानांचे पुडे बांधतात. आशा सेविका म्हणून माझी फेरी मी याच वेळेला ठेवते. हात कामात असले की बाया मोकळं बोलतात.

"पाणी पिली का?" असं मी विचारत नाही. त्याचं उत्तर "हो" हेच. मी विचारते, "शेवटची लघवीला कधी गेली होती, रंग कसा होता?" आधी हसतात, मग सांगतात. पहाटेपासून गेलीच नसेल, सहा तास उलटले असतील, तर अंगात पाणी कमी पडलंय. कित्येकींनी मुद्दामच पाणी टाळलेलं असतं. जंगलात आडोशाला एकटीनं बसायचं तर वाघाची भीती.

फिकट पिवळी लघवी म्हणजे ठीक. गडद पिवळी, थोडीशी आणि उग्र वासाची असेल तर पाणी वाढवा. सकाळची पहिली लघवी गडदच असते, ती धरू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीनं ती भडक पिवळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. पाणी पिऊनही रंग गडदच राहिला आणि डोळेही पिवळे दिसले तर मात्र कावीळ तपासा. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ झाली, की बाया सरबतावर भागवतात. पण जळजळीसोबत ताप असेल तर दवाखानाच गाठायचा. उलट लघवी पाण्यासारखी स्वच्छ होतेय, सारखं जावं लागतंय, तरी कुणी तांब्यावर तांब्या रिचवत असेल तर थांबवा. अतिपाण्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं.

पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांना मी वजनकाटा वापरायला सांगते. धावण्याआधी आणि नंतर घाम पुसून, तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं. एक किलो उतरलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. 60 किलोच्या पोराचं सव्वा किलो उतरलं की 2 टक्के झाले, तिथून दम कमी पडायला लागतो. जोराच्या सरावानंतर लघवी कोऱ्या चहासारखी दिसली तर स्नायूंना इजा झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हाताच्या पाठीवर चिमटा काढून कातडी किती लवकर परत बसते ते बघायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हाताऱ्यांच्या बाबतीत ती फसवते, कारण त्यांची कातडी एरवीही सैल असते. शिवाय त्यांना तहानही कमी लागते. त्यांची जीभ कोरडी आहे का ते बघा, आणि उठून उभं राहताना डोळ्यापुढं अंधारी येते का ते विचारा. तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारी) असेल तर आधी थुंकायला लावा, नाहीतर जिभेवरून काही कळायचं नाही.

जुलाब होणाऱ्या लेकराला चिमटा पोटावर काढायचा, बेंबी आणि कुशीच्या मधोमध. कातडी परत बसायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, डोळे खोल गेले, टाळू बसली, रडताना आसवं येईनात, तर उशीर नको. लेकरू हावऱ्यासारखं पाणी पीत असेल तोवर ओआरएस थोडं थोडं पाजत राहा. लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं. पेल्यात चिमूट-चिमूट टाकू नका, प्रमाण बिघडतं. ते मलूल पडलं, पाणी गिळेना झालं, की 108 लावा.

हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाला पाणी किती द्यायचं ते डॉक्टरांनाच विचारा.

उन्हातून आलेलं माणूस असंबद्ध बरळायला लागलं तर चिमटा नको, लघवीची चौकशीही नको. सावलीत आडवं करा, अंग ओलं करून वारा घाला, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, आणि तोवर दुसऱ्या कुणाला तरी 108 ला फोन करायला लावा.