अमेरिकेचा इतिहास: अर्धा वर्गात, अर्धा घरी

टेक्ससच्या सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची असेल तर विषय नर्सिंग असो, अकाउंटिंग असो की कॉम्प्युटर, अमेरिकेच्या इतिहासाचे ६ क्रेडिट्स करावेच लागतात. राज्याचा तसा कायदा आहे. म्हणून डॅलसच्या आसपास नव्याने आलेली आपली मुलं, आणि लग्न होऊन इथे आल्यावर पुन्हा शिकायला बसलेल्या मुली, पहिल्याच वर्षी ‘हिस्टरी १३०१’ला येऊन थडकतात. मूळ रहिवाशांपासून यादवी युद्धापर्यंतचा हा भाग. हल्ली तो अनेकांच्या वाट्याला हायब्रिड येतो, म्हणजे आठवड्यातून एकदा वर्ग आणि बाकीचं ऑनलाइन. मी तो तसाच केला, माझ्या मुलीनेही केला. दर ऑगस्टमध्ये कुणाचा ना कुणाचा फोन येतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

हायब्रिड म्हणजे अर्धं काम, असं समजून नाव घालू नका. इथला हिशेब असा असतो: एका क्रेडिटमागे आठवड्याला वर्गातला १ तास आणि घरचे २. तीन क्रेडिट्सचे झाले ९ तास. हायब्रिडमध्ये वर्गातला वेळ दीड तासावर येतो, पण ९चे ९च राहतात. उरलेले साडेसात तास तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, मूल झोपल्यावर किंवा नोकरीवरून आल्यावर काढायचे असतात, आणि तिथे हजेरी घ्यायला कुणी नसतं. माझ्या पाहण्यातली जी मुलं मागे पडली, त्यांची बुद्धी कमी नव्हती. त्यांनी आठवड्याचे वार ठरवले नव्हते, एवढंच. वर्ग मंगळवारी असेल तर वाचन रविवारी संपलंच पाहिजे, कारण वर्गात धडा शिकवत नाहीत, वाचून आलेल्यांशी बोलतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. वाचन-लेखनाची टीएसआय ही चाचणी कॉलेज मागेल, ती जुलैतच देऊन टाका. वय २२ पेक्षा कमी असेल तर मेनिंजायटिसची लस घेतल्याचा दाखला लागतो, आणि तो वर्ग सुरू व्हायच्या निदान १० दिवस आधीचा हवा. एफ-१ व्हिसावरच्या, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या मुलांना पूर्णवेळ अभ्यासात एका सत्राला एकच पूर्ण ऑनलाइन विषय धरता येतो. ज्या हायब्रिडला प्रत्यक्ष वर्गात जावं लागतं तो या मर्यादेत येत नाही, पण कॉलेजच्या यादीत तो नेमका कसा नोंदला आहे हे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या ऑफिसकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी उत्तरावर राहू नका. आणि नियमित सत्रातला वर्गाचा बारावा दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्याआधी विषय सोडला तर गुणपत्रिकेवर खूण राहत नाही. त्यानंतर सोडला तर तो ‘ड्रॉप’ म्हणून मोजला जातो, आणि टेक्ससमध्ये पदवीपर्यंत असे सहाच मिळतात.

आता खरा मुद्दा. आपण इतिहास शिकलो तो कारणे-परिणाम, टिपा लिहा, सनावळ्या आणि गाईड अशा वाटेने. इथे सनावळ्या लागतात, पण गुण त्यांना नाहीत. माझा पहिला निबंध १७६५च्या स्टॅम्प अ‍ॅक्टवर, म्हणजे इंग्रजांनी अमेरिकेतल्या वसाहतींच्या कागदपत्रांवर बसवलेल्या करावर होता. बोर्डाच्या पेपरसारखी सगळी कारणं ओळीने चार पानं लिहिली आणि सी मिळाला. खाली एकच ओळ होती: यात तुमचं म्हणणं काय? मला ते फार लागलं. प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे विद्यार्थ्यांना भेटायच्या त्यांच्या ठरलेल्या वेळी गेले तेव्हा त्यांनी माझ्यापुढे व्हर्जिनिया या तेव्हाच्या इंग्रज वसाहतीचा १६६२चा एक कायदा ठेवला. चार-पाच ओळींचा. मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईच्या स्थितीवरून ठरेल, असं त्यात म्हटलंय. त्यांनी विचारलं, हा कायदा करावा का लागला?

मी गप्प बसले. मग त्यांनी सांगितलं की १६५६मध्ये एलिझाबेथ की नावाच्या बाईने व्हर्जिनियातच दावा लावून स्वतःचं स्वातंत्र्य मिळवलं होतं. तिचे वडील इंग्रज, आई आफ्रिकी. इंग्रजी रिवाजाने मूल बापाचं धरलं जाई. म्हणजे तोवर सगळं पक्कं ठरलेलं नव्हतं, एक फट होती आणि एक बाई त्या फटीतून बाहेर पडली. सहा वर्षांत ती फट बुजवली गेली. पुढे मालकापासून झालेली मुलंही मालकाचीच मालमत्ता ठरली. त्या चार-पाच ओळी मी घरी येऊन पुन्हा वाचल्या आणि रात्री झोप लागली नाही. कायद्याचा कागद वाचायचा तो असा: तो कुणाला अडवायला लिहिला, आणि त्याच्या आदल्या दिवशी काय चालत होतं?

इथे ज्याला ‘प्रायमरी सोर्स’, म्हणजे त्या काळातला अस्सल कागद म्हणतात, तो शब्द नवा वाटला तरी गोष्ट आपल्याला परकी नाही. बखर आणि अस्सल पत्र यांतला फरक इतिहासाचार्य राजवाड्यांनी आपल्याला शिकवून ठेवलाय. तीच नजर इथे लावायची. जेफरसनने अमेरिकेच्या १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापारावर टीका करणारा परिच्छेद लिहिला होता, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, तो काढून टाकला. तो लिहिणाऱ्या माणसाने आयुष्यभरात ६००हून अधिक माणसं गुलाम म्हणून ठेवली. मसुदा आणि छापील जाहीरनामा शेजारी ठेवून वाचा, निबंधाचा विषय आपोआप सापडेल. संस्थापकांची पत्रं ‘फाउंडर्स ऑनलाइन’वर, सनदा आणि करारनामे येल विद्यापीठाच्या ‘अ‍ॅव्हलॉन प्रोजेक्ट’वर फुकट आहेत. पाठ्यपुस्तकही आधी विचारल्याशिवाय विकत घेऊ नका. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठाचं ‘ओपनस्टॅक्स’ फुकट आहे आणि अनेक प्रोफेसर तेच लावतात. कोर्स सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी त्यातली पहिली चार प्रकरणं वाचून काढा. इंग्रजी माध्यमात शिकलात तरी वाचा. जुन्या पुस्तकांत आणि कागदांत ‘इंडियन’ म्हणजे इथले मूळ रहिवासी, हे डोक्यात बसायलासुद्धा काही दिवस जातात.

सनावळ्या लक्षात ठेवायला आपल्या इतिहासाच्या खुंट्या वापरा, फार मदत होते. १७७३मध्ये बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा चीनचा होता, पण माल ईस्ट इंडिया कंपनीचा. त्याआधी तीनच वर्षं बंगालच्या दुष्काळात माणसं मरत होती आणि कंपनी बुडायला आली होती, तिला सावरायला इंग्रज सरकारने चहाचा कायदा केला, आणि त्याच्याच निषेधात तो चहा फेकला गेला. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध १७७५ ते १७८३, पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२. १७७७मध्ये सेंट ल्युबिन हा फ्रेंच माणूस पुण्यात नाना फडणविसांकडे आला आणि इंग्रज धास्तावले, ते याच काळात. १७८१ला त्या युद्धात यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस १७८६मध्ये आपल्याकडे गव्हर्नर जनरल होऊन आला. यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेचा कापूस अडला, आपल्या कापसाला भाव आला आणि मुंबईत पैशांचा पूर आला, १८६५मध्ये तो ओसरला. जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ १८७३मध्ये अमेरिकेतल्या गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, ती का, हे मला हा कोर्स केल्यावर पोटातून कळलं. मात्र हे सगळं निबंधात भरू नका. प्रश्न व्हर्जिनियाचा असेल तर उत्तर व्हर्जिनियाचंच हवं.

ऑनलाइन चर्चेत साधारण गुरुवारपर्यंत आपली नोंद आणि रविवारी रात्री ११:५९च्या आत दोघांना उत्तरं, असं असतं. ‘छान लिहिलंस’ला गुण नाहीत. ‘तू म्हणतोस ते पटलं नाही, कारण या पत्रात असं आहे’ असं लिहा. इथे मतभेद म्हणजे उद्धटपणा समजत नाहीत, प्रोफेसरांशी असला तरी. दुसऱ्याचं वाक्य घेतलंत तर तळटीप द्या. मित्राच्या जुन्या निबंधाला हात लावू नका, सॉफ्टवेअर पकडतं आणि व्हिसावरच्या मुलाला ते फार महागात पडतं. एआयबद्दल प्रत्येक प्रोफेसरांचा नियम वेगळा, सिलॅबसमध्ये असतो, तो वाचा.

ऑक्टोबरात एक शनिवार-रविवार काढून ओक्लाहोमातल्या टॅलेक्वाला जाऊन या, डॅलसहून गाडीने चार-साडेचार तास. १८३८मध्ये घरादारातून हाकलून चालवत आणलेल्या चेरोकी लोकांची ती राजधानी. रस्त्यावरच्या पाट्या आजही दोन लिपींत आहेत, एक इंग्रजी आणि एक सिक्वोयाने बनवलेली त्यांची स्वतःची. मुलांना बरोबर न्या.

शेवटची परीक्षा बहुतेक वेळा वर्गातच, निळ्या वहीत, हाताने लिहायची असते. ती ब्लू बुक कॉलेजच्या दुकानात मिळते, दोन आणून ठेवा. आणि नोव्हेंबरपासून दर रविवारी ४० मिनिटं घड्याळ लावून एक उत्तर पेनने लिहा. वर्षानुवर्षं कीबोर्डवर असलेला हात दुसऱ्या पानावरच दुखायला लागतो.