पेंटबॉल गनचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर: या चुका टाळा

ट्रिगर एकदा दाबला आणि दोन-तीन गोळ्या सुटल्या, की बरेच जण लगेच ठरवून टाकतात: मायक्रोस्विच बेकार, आता ऑप्टिकल बसवायचा. पैसे खर्च होतात, नवा सेन्सर येतो आणि गनची खोड तशीच राहते. कारण बहुतेक वेळा दोष ट्रिगरच्या प्रकारात नसतो, जुळवणीत असतो.

फरक नीट समजून घ्या. मायक्रोस्विचमध्ये धातूचे संपर्क खरोखर एकमेकांना भिडतात, म्हणून बोटाला स्पष्ट 'टिक' जाणवते. भिडताना ते क्षणभर थरथरतात आणि गनच्या सर्किट बोर्डाला एकच दाब अनेक दाबांसारखा दिसू शकतो. ऑप्टिकलमध्ये ट्रिगरचा मागचा भाग इन्फ्रारेड किरण अडवतो. हॉल सेन्सरमध्ये ट्रिगरवरचं चुंबक जवळ-दूर होतं. या दोघांत भिडणारे संपर्क नाहीत, त्यामुळे ओढ खूप हलकी ठेवता येते. पण गोळी सुटताना गनला बसणारा झटका तिन्हींत असतोच. त्या झटक्याने ट्रिगर बोटावर परत आपटला, तर कोणताही सेन्सर तो दाब म्हणूनच मोजणार.

स्क्रू एकदम घट्ट करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ट्रिगर 'फास्ट' व्हावा म्हणून पुढचा स्क्रू इतका आत घेतात की ट्रिगरला परत यायला जागाच उरत नाही. मायक्रोस्विच ज्या जागी दाबला जातो, त्याच जागी सुटत नाही. सुटण्यासाठी ट्रिगर थोडा आणखी पुढे यावा लागतो. ती जागा नसेल तर गन एक गोळी मारून गप्प बसते किंवा आपोआप सुटत राहते. मागचा स्क्रू फार ढिला असेल, तर बोटाचा सगळा जोर स्विचच्या नाजूक पात्यावर येतो. 'टिक' झाल्यावर किंचित पुढे ट्रिगर थांबला पाहिजे, म्हणजे जोर फ्रेमवर जातो. स्प्रिंग किंवा चुंबकाची परतीची ओढ गरजेपेक्षा हलकी ठेवू नका.

जुळवणी करताना हॉपर (गोळ्यांचा डबा) काढा, चेंबर रिकामं करा, बॅरलवर कव्हर चढवा आणि मास्क घाला. मग गन सैल धरून ट्रिगर अगदी सावकाश दाबा. एका दाबाला एकाहून जास्त आवाज आले, तर परतीची ओढ वाढवा.

दुसऱ्याचा डिबाउन्स उचलणं

डिबाउन्स म्हणजे एका दाबानंतर बोर्ड किती वेळ पुढचे दाब मोजत नाही, ते. त्याचा व्हिडिओतला आकडा तुमच्या बोर्डावर तसाच लावू नका. काही बोर्डांवर तो मिलिसेकंदांत असतो, काहींवर नुसत्या पातळ्या असतात. आधी स्क्रू जुळवा, मग डिबाउन्स एकेक पायरी वाढवत न्या आणि जादा गोळ्या थांबल्या की तिथेच ठेवा. त्यापुढे नेलात तर जलद दाब गाळले जातात.

बॅटरीही तपासा. ९ व्होल्टची जुनी बॅटरी दिवे लावते, पण सोलेनॉइड (गॅस सोडणारी विजेची झडप) पुरता उघडत नाही आणि आळ ट्रिगरवर येतो.

नागपूरचं ऊन आणि धूळ विसरणं

नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) पारा ४५ अंशांच्या आसपास असताना सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) बाटली उन्हात ठेवणं धोक्याचं आहे. ३१ अंशांच्या वर सीओटू द्रवरूपात राहतच नाही आणि भरलेल्या बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. इलेक्ट्रॉनिक गनला रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) असलेली हवेची बाटलीच वापरा. गोळ्यांचं कवच जिलेटिनचं असतं; कूलरच्या दमट खोलीत गोळी फुगते, मऊ पडते आणि बॅरलमध्ये फुटते. मग लोक ट्रिगर उघडून बसतात!

मैदानातली बारीक धूळ ऑप्टिकलच्या सेन्सरवर बसते, मातीतले लोहकण हॉलच्या चुंबकाला चिकटतात. मऊ कोरडा ब्रश पुरतो. ग्रिपमध्ये फट असेल तर कडक ऊन ऑप्टिकलला फसवतं, म्हणून पॅनल नीट बसवा.

हौशी खेळाडूसाठी माझी पसंती ठाम मायक्रोस्विचला आहे. तो मल्टिमीटरने तपासता येतो: दाबल्यावर बीप, सोडल्यावर शांतता. खराब निघाला तर नागपूरच्या बर्डीत (सीताबर्डीत) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शोधा, मात्र जुना सोबत न्या. आकार, पाय आणि दाबायला लागणारा जोर तिन्ही जुळले पाहिजेत. रोज सराव असेल आणि बोर्ड साथ देत असेल, तरच ऑप्टिकल किंवा हॉल घ्या.

आणि 'रिस्पॉन्स ट्रिगर' इलेक्ट्रॉनिक म्हणून विकत घेऊ नका. तो गॅसच्या दाबाने ट्रिगर पुढे ढकलतो. त्याला ना बॅटरी लागते, ना डिबाउन्स.