हातबनावटीच्या व्हायोलिनची छोटी कार्यशाळा : या चुका टाळा

व्हायोलिनच्या पोटाची, म्हणजे तारांखालच्या वरच्या बाजूची, फळी जेमतेम ३ मिलिमीटर जाड असते आणि चारही तारा सुरात चढवल्या की त्यांचा एकत्रित ताण २२ ते २५ किलोच्या घरात जातो. त्यातला ७ ते ९ किलोचा दाब घोडीच्या (तारा उचलून धरणाऱ्या लाकडी तुकड्याच्या) दोन पायांतून थेट त्या फळीवर उतरतो. एवढ्या पातळ लाकडाने एवढा भार वर्षानुवर्षे पेलायचा असल्यामुळे कारागिराची चूक त्याच दिवशी दिसत नाही. ती एखाद्या उन्हाळ्यात, ग्राहकाच्या घरी उघडी पडते आणि तोवर त्याच पद्धतीने बनवलेली आणखी काही वाद्ये विकली गेलेली असतात. लहान कार्यशाळांचे नुकसान हात कच्चा असल्यामुळे क्वचितच होते. मोजमाप न करणे, नोंद न ठेवणे आणि वाट न पाहणे ही त्याची खरी कारणे आहेत. शिवाय या कामाविषयी उपलब्ध असलेले बहुतेक मार्गदर्शन युरोपच्या हवेसाठी लिहिलेले आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात काम करणाऱ्याने ते जसेच्या तसे उचलले तर पहिल्याच पावसाळ्यात अडचणी सुरू होतात.

लाकूड मुरण्याआधी कामाला घेणे

पोटासाठी स्प्रूस आणि पाठीसाठी मेपल ही लाकडे बहुधा आल्प्स किंवा बाल्कन भागातून येतात. विक्रेता 'दहा वर्षे वाळवलेले' असे लिहून देतो आणि ते खरेही असते. पण ते लाकूड तिथल्या हवेत वाळलेले असते. कोकणातल्या जुलैच्या हवेत उघडे ठेवलेले लाकूड १५ टक्क्यांच्या वर ओलावा धरू शकते, आणि देशावर एप्रिलमधल्या कोरड्या दिवसांत तोच ओलावा ६-७ टक्क्यांकडे उतरू लागतो. स्प्रूसचा ओलावा ५ टक्क्यांनी कमी झाला की २०० मिलिमीटर रुंदीची फळी तंतूंच्या आडव्या दिशेने सुमारे दीड मिलिमीटर आकसते. पावसाळ्यात चिकटवून बंद केलेले वाद्य पुण्याला किंवा नागपूरला गेल्यावर हा दीड मिलिमीटर कुठून तरी वसूल होणारच: एकतर कडेचा सांधा सुटतो, नाहीतर फळी तडकते.

यावर उपाय महाग नाही. लाकूड आल्यावर प्रत्येक तुकड्यावर तारीख आणि ग्रॅममधले वजन पेन्सिलीने लिहावे, दर आठवड्याला पुन्हा वजन करावे, आणि सलग काही आठवडे वजन हलले नाही की मगच ते लाकूड कामाला घ्यावे. चिकटवण्याच्या कामासाठी एक लहान खोली बंदिस्त करून तिथे आर्द्रतामापक आणि ओल शोषणारे यंत्र ठेवावे व आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी. ज्यांना हे शक्य नाही त्यांनी निदान कामाचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे बांधावे, म्हणजे जून ते सप्टेंबर या काळात स्क्रोल (मानेच्या टोकाची गुंडाळी) कोरणे, फळ्यांचा ढोबळ फुगवटा काढणे, हत्यारांना धार लावणे ही कामे करावीत आणि वाद्याची पेटी, म्हणजे त्याचे पोकळ अंग, बंद करण्याचे काम दिवाळीनंतर घ्यावे. मिरजेतील तंबोरा-सतारीचे कारागीर भोपळे महिनोन्‌महिने वाळवल्याशिवाय हातात घेत नाहीत. हे वाट पाहणे आपल्या प्रांताला मुळीच नवे नाही.

याच विषयातली एक बारीक गोष्ट फार जणांकडून सुटते. टेलपीसची (तारांची खालची टोके धरणाऱ्या तुकड्याची) दोरी जिच्यावरून वळते ती आबनुसाची छोटी पट्टी, म्हणजे सॅडल, पोटाच्या फळीत खाच करून बसवतात. नवखा कारागीर ती इतकी घट्ट बसवतो की बाजूने कागदही सरकू नये, आणि त्याला ती सफाई वाटते. परंतु आबनूस लांबीच्या दिशेने आकसत नाही, स्प्रूस मात्र आडवा आकसतो. त्यामुळे कोरड्या हवेत सॅडलच्या कोपऱ्यातून सरळ वर चढणारी चीर पडते. सॅडलच्या दोन्ही टोकांना सुमारे अर्धा मिलिमीटर मोकळी जागा ठेवली तर ही चीर टळते.

सरस चुकीचा, किंवा चुकीच्या जागी

जनावराच्या कातड्यापासून केलेला सरस या कामात आजही वापरला जातो, त्याचे कारण परंपरेचा हट्ट नसून दुरुस्तीची सोय हे आहे. पेटी पुन्हा उघडायची वेळ आली की सरसाचा सांधा पातळ सुरीने आणि थोड्या ओलाव्याने सुटतो, तर सुतारकामातला पांढरा कृत्रिम गोंद लाकडाचे तंतू उपटून काढतो आणि सततच्या ताणाखाली हळूहळू सरकतही राहतो. सरस दुहेरी भांड्यात ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गरम ठेवावा; तो उकळला किंवा रोज पुन्हा पुन्हा तापवला तर त्याची पकड जाते. आपल्या हवेत भिजवलेला सरस लवकर कुजतो, म्हणून दोन-तीन दिवसांपुरताच करावा आणि उरलेला फ्रिजमध्ये ठेवावा.

दुसरी चूक सगळीकडे एकाच ताकदीचा सरस लावण्याची. दोन अर्ध्या फळ्यांचा मधला सांधा आणि मानेचा सांधा यांसाठी दाट व भक्कम सरस हवा. पोटाची फळी कडेच्या पट्ट्यांवर बसवताना मात्र तो मुद्दाम पातळ करावा, कारण लाकूड आकसले तर सांधा सुटणे परवडते, फळी तडकणे परवडत नाही.

मोठ्या उस्तादांची मापे नकलणे

इटलीतील क्रिमोनाच्या स्ट्रॅडिव्हरी या विख्यात व्हायोलिनकाराने (मृत्यू १७३७) आपल्या वाद्यांत ठेवलेल्या जाडीचे तक्ते आज सहज मिळतात आणि त्यांचा अभ्यास जरूर करावा. पण ती जाडी त्याच्या हातातल्या लाकडासाठी होती. आपला स्प्रूस अधिक घन असेल तर त्याच जाडीची फळी जड आणि मुकी राहील, हलका असेल तर दबेल. फळी हातात वाकवून पाहणे, टकटक करून तिचा सूर ऐकणे आणि वजन करणे या तिन्ही गोष्टी मिळून जाडी ठरते. दुकानात वाद्य लगेच मोकळे वाजावे म्हणून फळी गरजेपेक्षा पातळ करण्याचा मोह टाळावा, कारण असे वाद्य काही वर्षांत घोडीखाली बसते आणि त्याचा आवाज पोकळ होतो.

जुळवणी घाईत उरकणे

माझ्या मते छोट्या कार्यशाळेची प्रतिष्ठा सर्वाधिक ज्या टप्प्यावर जाते तो हा टप्पा होय. लाकडावर महिने घालवलेला कारागीर घोडी, साउंडपोस्ट (पेटीच्या आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभा असलेला दांडा), खुंट्या आणि नट (मानेच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) एका संध्याकाळी बसवून मोकळा होतो, आणि वादकाला मात्र नेमक्या याच गोष्टी हाताला लागतात.

मानेपासून सुरुवात करू. मानेची लांबी आणि पोटाच्या वरच्या कडेपासून घोडीपर्यंतचे अंतर यांचे प्रमाण २:३ असावे, म्हणजे पूर्ण आकाराच्या वाद्यात सुमारे १३० आणि १९५ मिलिमीटर. हे बिघडले तर वर्षानुवर्षे पक्का झालेला वादकाचा हात बेसूर पडू लागतो. फिंगरबोर्डची (बोटांनी तारा दाबायच्या पट्टीची) रेषा घोडीच्या जागी पोटापासून सुमारे २७ मिलिमीटर उंचीवर यावी. ही उंची कमी आली तर कारागीर घोडी बुटकी करून वेळ मारून नेतो, पण आवाजाचा जोर कायमचा जातो. फिंगरबोर्डच्या टोकाशी तारेची उंची सर्वांत बारीक तारेखाली साडेतीन आणि खर्जाच्या तारेखाली साडेपाच मिलिमीटरच्या आसपास ठेवतात.

साउंडपोस्ट घोडीच्या बारीक तारेकडील पायाच्या किंचित मागे, साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतरावर, उभा असतो. त्याची दोन्ही टोके पोटाच्या आणि पाठीच्या आतल्या उतारांना पूर्ण चिकटली पाहिजेत. छोटा आरसा आणि दिवा घेऊन चारही बाजूंनी पाहिल्याशिवाय ते कळत नाही. तो ठोकून घट्ट बसवू नये. पावसाळ्यात फुगवटा उचलला जातो आणि पोस्ट सैल वाटतो, म्हणून कारागीर लांब पोस्ट घालतो. तोच पोस्ट उन्हाळ्यात फळीला आतून रेटतो आणि तिथे पडलेली चीर वाद्याची किंमत कायमची उतरवते.

आपल्याकडे आणखी एक प्रश्न विचारलाच पाहिजे, तो म्हणजे वादक कोणते संगीत वाजवतो. गजाननराव जोशी, व्ही. जी. जोग, डी. के. दातार यांच्यासारख्या वादकांनी हिंदुस्थानी संगीतात रुजवलेले हे वाद्य मांडी घालून बसून वाजते, षड्ज-पंचमात मिळवले जाते, आणि त्याची पट्टी वादकागणिक बदलते. पाश्चात्त्य सुरावटीत जुळवून तपासलेले वाद्य खालच्या पट्टीत उतरवले की तारांचा ताण कमी होतो, खर्जाची तार ढिली पडून फिंगरबोर्डवर आपटू लागते आणि आवाज सैलावतो. म्हणून वादकाची पट्टी आणि त्याच्या पसंतीच्या तारा आधी लिहून घ्याव्यात आणि शेवटची जुळवणी त्याच सुरांत करावी. लांब मींड घेणाऱ्यासाठी फिंगरबोर्डवर कुठेही उंचवटा चालत नाही, आणि चारही तारांना फाइन ट्यूनर (सूर बारीक जुळवण्याचे स्क्रू) लावून द्यावेत की नाही हेही त्यालाच विचारावे.

वाद्य झणझणते, तेव्हा

'एका सुरावर झणझण येते' ही सर्वांत नेहमीची तक्रार आहे, आणि लगेच साउंडपोस्ट हलवणे ही तिच्यावरची सर्वांत नेहमीची चूक आहे. आधी बाहेरच्या, फुकटात सुधारणाऱ्या गोष्टी पाहाव्यात: फाइन ट्यूनरचा सैल स्क्रू, हनुवटीच्या आधाराचा टेलपीसला होणारा स्पर्श, उसवलेली तार, नटमधली फार खोल गेलेली खाच. त्यानंतर बोटाच्या सांध्याने वाद्याच्या कडेने सगळीकडे हलके ठोकत जावे. सांधा जिथे सुटला असेल तिथे आवाज कोरडा आणि फुटका येतो. आपल्या हवेत निम्म्याहून अधिक वेळा दोष इथेच सापडेल, असा माझा अंदाज आहे. यातूनही काही निघाले नाही तरच आत, म्हणजे बेस बार (पोटाला आतून लांबीच्या दिशेने चिकटवलेली पट्टी) आणि कडेच्या आतल्या अस्तराच्या पट्ट्यांकडे, वळावे. खर्जाच्या तारेवर वरच्या एखाद्या सुरात आवाज लडखडत असेल तर तो बहुधा पेटीच्या अनुनादाचा दोष असतो. तिथे पोस्ट किंचित सरकवून पाहणे योग्य.

खुंट्या पावसाळ्यात अडकतात आणि उन्हाळ्यात घसरतात. खुंटीचा उतार आणि भोकाचा उतार एकाच मापाचा, १:३०, असेल तर थोडी खुंटीची पेस्ट पुरते. माप जुळत नसताना खडू किंवा राळ भरत राहिल्याने भोक खराब होते.

वॉर्निश वाळण्याआधी वाद्य पाठवणे

तेलाच्या वॉर्निशला वाळण्यासाठी अतिनील प्रकाश लागतो आणि पावसाळ्यात ऊन मिळत नाही, म्हणून अतिनील नळ्यांची पेटी करून घेणे हा खर्च टाळू नये. हाताला कोरडे लागणारे वॉर्निश आतून मऊ असू शकते. असे वाद्य फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळले तर ते उघडताना पाठीवर गोल ठशांची रांग दिसते, आणि ते ठसे पुसले जात नाहीत.

किंमत, लेबल आणि शब्द

एक व्हायोलिन पूर्ण हाताने करायला अनुभवी कारागिरालाही दीडशे ते अडीचशे तास लागतात. किंमत ठरवताना लाकूड, तारा आणि वाद्य ठेवायची पेटी यांचाच हिशेब करणारा माणूस आपली मजुरी ग्राहकाला भेट देत असतो. पहिल्या वर्षातली मोफत जुळवणी, एक-दोन वेळा सांधा चिकटवणे आणि बदललेली घोडी हा खर्चही किमतीत आधीच धरावा. सांधा सुटणे ही नैसर्गिक बाब असून ती मोफत दुरुस्त होईल, मात्र बंद गाडीत उन्हात ठेवल्याने झालेले नुकसान ग्राहकाचे राहील, हे पावतीवर स्पष्ट मराठीत लिहावे. आगाऊ रक्कम घेताना तारीख पावसाळ्याचा हिशेब धरून द्यावी आणि आठवडाभर वाजवून पाहण्याची मुभा द्यावी.

कारखान्यातून आलेले कच्चे वाद्य रंगवून ते 'हातबनावटीचे' म्हणून विकणे ही चूक नसून फसवणूक आहे, आणि वादकांचे जग लहान असल्याने ती लपत नाही. ते विकायचेच असेल तर तसे सांगून, वेगळ्या किमतीला विकावे. स्वतःच्या वाद्यावर स्वतःचे नाव, गाव, वर्ष आणि क्रमांक घालावा, आणि त्या क्रमांकासमोर वहीत लाकूड, फळ्यांचे वजन, जाडी आणि पेटी बंद केली त्या दिवशीची आर्द्रता लिहावी. पुढे तक्रार आली की हीच वही कारण सांगते.

परदेशी पाठवताना

गजाच्या काडीचे पर्नांबुको लाकूड २००७ पासून 'साइट्स' या धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. ब्राझीलचा शिसव वगळता शिसवाच्या प्रजातीतील सर्व लाकडे २०१७ मध्ये त्याच यादीत आली. या लाकडांच्या तयार वाद्यांना २०१९ मध्ये सूट मिळाली, ब्राझीलच्या शिसवाला मात्र नाही. तरीही प्रत्येक भागाचे लाकूड बिलावर नावानिशी लिहावे, निर्यातीचे सध्याचे नियम माल बांधण्यापूर्वी तपासावेत, आणि शक्य तिथे गज कार्बन फायबरचा द्यावा. पाठवताना तारा अर्ध्या-पाऊण सुराने उतरवाव्यात. त्या पूर्ण सैल केल्या तर घोडी कोसळते आणि पोस्ट पडतो, आणि तो उभा करणारा कारागीर ग्राहकाच्या गावात असेलच असे नाही. टेलपीसखाली मऊ कापड ठेवावे, घोडीच्या दोन्ही बाजूंना फोम लावावा, आणि वाद्य ज्या देशात जाणार तिथे हिवाळ्यात घरे तापवली जात असतील तर वाद्य ठेवायच्या पेटीत ओलावा राखणारी नळी व ती वापरण्याची लेखी सूचना अवश्य घालावी.