क्लबचा मोठा रेल्वे लेआउट बांधताय? मग आधी जोड सांभाळा

घरी टेबलावर एकट्याने मॉडेल रेल्वेचा छोटा लेआउट (छोट्या गाड्यांचे रूळ आणि भोवतीचा देखावा) करणं वेगळं आणि दहाबारा जणांनी मिळून हॉलभर लेआउट बांधणं वेगळं. क्लबमध्ये गाडी घसरते ती बहुतेक वेळा एकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं तिथेच, म्हणून हे सगळं लिहितोय.

पहिल्या मीटिंगला गप्पा लगेच डोंगर, पूल, स्टेशन यावर जातात. जाऊ द्या, पण उठायच्या आधी एका कागदावर नियम लिहून काढा. स्केल (खऱ्या गाडीच्या तुलनेत मॉडेल किती लहान) कुठला, एचओ (१:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिमी) की एन (१:१६०, ९ मिमी), सगळ्यात टाइट वळण किती, चढ किती, वायरचे रंग कुठले. चढ २ टक्क्यांच्या वर नेऊ नका. आता एचओमध्ये एका रुळावरून दुसरा पुलाने न्यायचा तर साधारण ९ सेंमी उंची लागते, म्हणजे नुसता चढच साडेचार मीटरचा झाला आणि पलीकडे तेवढाच उतार, हे गणित कागदावरच करा, प्लायवूड कापल्यावर नको. टेबलाची रुंदी एका बाजूने हात पोचेल एवढीच, ७५ सेंमी म्हणजे डोक्यावरून पाणी. बोगद्यालाही मागून हात घालायला जागा ठेवा, डबे नेमके आतच पडतात.

टेबल एकसंध न बांधता सुट्या मॉड्यूलचं (वेगळे करून परत जोडता येतील अशा तुकड्यांचं) करा, उद्या हॉल सोडावा लागला तर करवत चालवावी लागणार नाही. शेजारशेजारच्या दोन मॉड्यूलच्या टोकाच्या फळ्या एकत्र क्लॅम्प करून एकदमच भोकं पाडा, वेगवेगळी मापं घेऊन पाडलेली भोकं कधीच जुळत नाहीत, आम्ही करून बघितलंय. नुसत्या बोल्टवर पण विसंबू नका, बोल्ट फक्त आवळून धरतो, जागेवर बसवायचं काम पितळी डॉवेलचं, म्हणजे भोकात घट्ट बसणाऱ्या खुंटीचं.

आता जोडावरचा रूळ, इथे घाई करणारा पस्तावतो. दोन्ही मॉड्यूल बोल्टने घट्ट जोडा आणि रूळ जोडावरून अखंड टाका. जोडाच्या दोन्ही बाजूंना रुळाखाली एकेक पितळी स्क्रू पिळून त्याचं डोकं रुळाच्या तळाला जेमतेम टेकेल असं ठेवा, रूळ त्यावर सोल्डर करा, आणि सगळं थंड झाल्यावरच पातळ करवतीने किंवा कटिंग डिस्कने बरोबर जोडावर रूळ कापा. कापलेल्या कडा बारीक कानशीने किंचित घासा, बोट फिरवलं की टोचायला नको. दमट हवेत लाकूड फुगतं, कोरड्यात आक्रसतं, तरी असा रूळ हलत नाही.

वायरिंगला एकच माणूस मुख्य ठेवा, इथे लोकशाही नको. डीसीसी (गाड्या चालवायची डिजिटल पद्धत) असेल तर रुळात सतत पूर्ण व्होल्टेज असतं आणि प्रत्येक इंजिनातला डीकोडर, म्हणजे छोटं सर्किट, आपापल्या पत्त्यावरची, म्हणजे नंबरवरची, आज्ञा ऐकतो. टेबलाखालून जाड बस वायर (करंटची मुख्य वायर) फिरवा आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःचे फीडर (बसपासून रुळापर्यंतच्या छोट्या वायरी) द्या, रेल जॉइनरवर (रुळांची टोकं जोडणाऱ्या क्लिपांवर) करंटचा भरवसा ठेवू नका, आज चालतात पण वर्षभरात सैल होतात आणि काळवंडतात. आमच्यात एकाने भिंतीकडच्या रुळाला लाल वायर धरली, दुसऱ्याने काळी, दोघांचं काम आपापल्या जागी अगदी सुबक, फक्त मॉड्यूल जोडले की शॉर्ट! रूळ वळून परत स्वतःलाच मिळत असेल तर तिथे असाच शॉर्ट होणार, तेवढा भाग दोन्ही टोकांना रूळ कापून विजेपुरता वेगळा करा, ऑटो रिव्हर्सरवर (वायरींची उलटसुलट आपोआप करणाऱ्या यंत्रावर) टाका आणि तो भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब ठेवा.

मग एक नाणं घ्या आणि दर मीटरभरावर दोन्ही रुळांवर आडवं टेकवा, बूस्टर (रुळाला वीज देणारं यंत्र) लगेच ट्रिप झाला, म्हणजे बंद पडला, पाहिजे. जिथे झाला नाही तिथे वायर बारीक आहे किंवा सोल्डर कच्चं आहे, खरा शॉर्ट झाला तर तिथेच डब्याचं प्लास्टिक वितळेल.

अजून एक, नवीन डीकोडरचा पत्ता कारखान्यातून ३ असाच येतो. दोघांनी नवी इंजिनं आणून ठेवली की एकाच कंट्रोलरवर दोन्ही निघतात, म्हणून आधी पत्ता बदला आणि मगच इंजिन रुळावर.

एवढं झालं की महिनाभर उघड्या लाकडावरच गाड्या पळवा, लांब गाड्या, उलट्या ढकलत, सगळ्या पॉइंटवरून (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्यांवरून). जिथे घसरेल तिथे पेन्सिलने खूण करा. हिरवळ, झाडं, घरं सगळं यानंतर, कितीही हात शिवशिवले तरी.

खडी टाकताना आधी पाण्यात थेंबभर भांड्यांचा साबण घालून फवारा, मग पांढरा गम निम्म्या पाण्यात पातळ करून ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ मात्र गम अगदी थेंबथेंब, आणि सुकेपर्यंत दर थोड्या वेळाने पॉइंट हलवत रहा, कारण पातं एकदा चिकटलं की सोडवायला अख्खा रविवार जातो आणि ज्याने चिकटवलं तो नेमका त्या रविवारी येत नाही.